उणे तेवीसमधला घाम

५ जानेवारी, रविवार

नागसेनच्या कपाळावर घाम होता!

साडेचारला फोन आला, व्हिडिओचा. सूनबाईनं – क्रांतीनं – मोबाईल तांब्याला टेकवून माझ्यापुढं ठेवला. तिकडे पोलंडात तेव्हा दुपारचे बारा, त्यांची जेवणाची सुट्टी. पडद्यावर एक भलंमोठं जाकीट आणि त्या जाकिटाच्या तळाशी आमचा मुलगा. फ्रोझन मालाच्या गोदामात आहे तो. मटार, मासे, पिझ्झा – सगळं दगडासारखं कडक. आत उणे तेवीस! आणि उणे तेवीसमध्ये माणसाला घाम कसा येतो? तापच असणार.

विचारलं तर म्हणाला, "काय न्हाय आप्पा, लाईट पडलाय तोंडावर."

लाईट कपाळावरून ओघळून नाकाच्या शेंड्यावर लोंबतो का?

६ जानेवारी

डॉक्टरकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, पेशंट कुठाय? म्हटलं, पोलंडात. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग माझ्याच दंडाला पट्टा गुंडाळला. प्रेशर एकशेसाठ. मुलाच्या तापासाठी गेलो आणि स्वतःच्या गोळ्या घेऊन आलो. त्यावर आमच्या मंडळींचं – सोनूबाईचं – म्हणणं, एक तरी पेशंट सापडला की.

८ जानेवारी

मनातलं लिहितो, नाहीतर प्रेशर आणखी चढेल.

दीड वर्षापूर्वी नागसेन तिकडे गेला. आठव्याच दिवशी त्याचा फोन. "आप्पा, न्हाय जमत. बोटं हायत का न्हाईत कळंना." आणि मी काय बोललो? खुर्चीत मागं रेलून, ऐटीत! "तीस वर्षं भट्टीपुढं काढली मी शिरोलीत. लोखंडाचं पाणी होताना बघितलंय. आणि तू थंडीला भितोस व्हय?"

त्यानंतर त्यानं थंडीचा शब्द काढला नाही. मला वाटलं, पोरगा टणक झाला. आता ३१ तारखेला आणखी दोन वर्षांच्या कागदावर सही करायची आहे त्याला. माझ्या एका वाक्यापायी तो तिथं गोठायला थांबणार! ताप अंगात घेऊन!

ते वाक्य मी बोललो तेव्हा सोनूबाई शेजारीच होती. खोकली. भट्टीचं नाव काढलं की तिला खोकला येतो, वर्षानुवर्षं. चुलीच्या धुराचा असावा. घरात गॅस येऊन वीस वर्षं झाली म्हणा.

१२ जानेवारी, रविवार

फोन आला. घाम आहेच. आणि आज नवीनच! मागच्या वेळी जाकिटाच्या बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. आज दोन्ही मनगटं उघडी, आणि छातीवरची चेन लागत नाही. आठ दिवसांत माणूस एवढा सुजतो?

क्रांतीला दाखवलं. "मामा, जाकीट आटलं आसंल," एवढं म्हणाली आणि तिलाही खोकला आला. ओढणी तोंडाला लावून आत पळाली. आत सोनूबाईही खोकत होती.

घरात साथ आली आहे. दोघींना अडुळशाचा काढा करून दिला. दोघींनी माझ्यासमोर प्यायला, पण तोंडं फार वाकडी केली.

१५ जानेवारी

बापूसोकडे गेलो. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. नंतर तो पुढं शिकला, मी शेरडांमागं गेलो. त्याच्या मुलाचं, श्रेयसचं, शिरोलीत आइस्क्रीमचं कोल्डरूम आहे. म्हटलं, मला आत उभं कर. नागसेन काय सोसतो ते बघायचंय. आणि पट्टणकोडोलीचं घोंगडं आहे माझं, ते तग धरतंय का बघतो. धरलं तर पार्सल करतो.

बापूसो म्हणाला, "आइस्क्रीम खायचं आसंल तर सरळ माग की लेका."

१६ जानेवारी

आत्ता कुठं बोटं वळायला लागली.

दोन स्वेटर, कानटोपी, वर घोंगडं. दाराबाहेर काट्यावर उणे वीस. म्हणजे थंडी आमच्या पोरापेक्षा तीन अंश कमीच. श्रेयसनं आतलं बटण दाखवलं, दाबलं की दार उघडतं. काका, पाच मिनिटं बास झाली म्हणाला. मी म्हटलं, पंधरा! भट्टीवरचा माणूस आहे मी. बापूसोनं मोबाईलवर घड्याळ लावलं.

दार बंद झालं. आधी नाकातले केस ताठ झाले. मग कवळी. तोंडात कुणी बर्फाची फरशी बसवावी तशी. घोंगडं पाठ सांभाळत होतं, पण पुढून मी एकटाच होतो. तरी मी चालत राहिलो. चालत चालत बटणापाशी गेलो. दाबलं. लागलंच नाही असं वाटून आणखी तीनदा दाबलं.

बाहेर येताच चष्म्यावर वाफ. समोर काही दिसेना, आइस्क्रीमच्या खोक्यांच्या थप्पीवर जाऊन आदळलो. अशा वेळी बापूसो काय म्हणाला?

"तीन मिन्टं धा सेकंद. त्यात एक मिनिट तू बटणच हुडकत हुतास. भट्टीवरचा गडी न्हवं तू?"

श्रेयसनं चहा पाजला. भला मुलगा.

पण एक गोष्ट नीट बघून आलो. आत दोघं कामगार खोकी रचत होते. घामाचा एक थेंब नाही कुणाला! म्हणजे नागसेनचा ताप पक्का.

आणि मी? तीन मिनिटं. हा तीनचा आकडा जन्मभर माझा पिच्छा सोडत नाही.

१९ जानेवारी, रविवार

फोन नाही. सुट्टी असेल. नाहीतर दवाखाना.

२० जानेवारी

क्रांतीला म्हणे मेसेज आला. बरा आहे, काल कामाची गडबड होती. मेसेज काय, कुणीही लिहील.

२१ जानेवारी

आज लिहूनच टाकतो. वही पेटीत असते, पेटीला कुलूप, किल्ली करदोट्याला.

भट्टीवर मी तीन दिवस होतो. चौथ्या दिवशी सकाळी चक्कर येऊन वाळूच्या ढिगात पडलो. दुपारी साहेबांच्या हातापाया पडून पॅटर्न स्टोअरला बदली घेतली. लाकडी साचे नंबरानं मांडायचे, मागतील तसे द्यायचे, आले की परत घ्यायचे. खुर्ची. वर पंखा. एकोणतीस वर्षं, अकरा महिने, सत्तावीस दिवस त्या पंख्याखाली बसलो. पहिलं वर्षभर घरी येताना तोंडाला काजळी फासून यायचो. मग कंटाळा आला.

भट्टीवरच्या माणसाच्या कपड्यांना ठिणग्यांची भोकं पडतात. माझ्या शर्टाला कधी एक भोक पडलं नाही. खिशात लाकडाचा भुसा. कपडे सोनूबाई धूत होती. कधी एका शब्दानं बोलली नाही.

फक्त खोकते.

आणि त्या पंख्याखालच्या माणसानं पोराला विचारलं, थंडीला भितोस व्हय! ३१ तारखेच्या आत हे त्याला सांगायला पाहिजे. म्हणजे तो सही करणार नाही, घरी येईल.

पण सांगायचं कसं?

२३ जानेवारी

आरशापुढं म्हणून पाहिलं. "तीन" पर्यंत येतो. पुढं "दिवस" म्हणायच्या जागी "वर्षं" बाहेर पडतं. सवय!

२५ जानेवारी

आज "दिवस" जमलं. सोनूबाईनं बाहेरून विचारलं, कुणाशी बोलताय? म्हटलं, दाढी करतोय. संध्याकाळी पाच वाजता.

२६ जानेवारी, रविवार

सांगितलं. तीन दिवस भट्टी, बाकी पंखा. सही करू नको, ये घरी.

नागसेननं अंगातलं जाकीट काढलं. आत नुसतं बनियन, भिजून चिकटलेलं. मोबाईल फिरवला. मागं हुकांच्या रांगा आणि हुकांवर शंभरेक ओली जाकिटं. आतल्या कामगारांची जाकिटं वाळवायची खोली! चाळीस अंश!

"आप्पा, त्या फोननंतर दुसऱ्याच दिवशी हितं बदली मागून घेतली. तुम्हाला सांगायची लाज वाटली. फोन लावताना हुकावरचं घावंल ते घालतोय."

मी मागं वळून पाहिलं. आज दोघींनाही खोकला नव्हता. सरळ हसत होत्या.

मी विचारलं, वर पंखा हाय का?

"हाय की. पर गरम वारा सोडतोय."

मग कर म्हटलं सही.