दोन टिंबांनंतर जागा सोडू नये

तीर्थरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघा अजून वाकत नाही, त्यामुळे साष्टांग मनातल्या मनात घातला आहे. पोचला असं समजावं.) तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं मामींच्या फोनवरून कळलं. त्या म्हणाल्या, आता तुम्हाला भिंतीवरची मुंगीसुद्धा दिसते आणि दिवसभर तुम्ही घरातली धूळ दाखवत फिरता. त्यांचा जीव मेटाकुटीला आलेला दिसला, पण मला बरं वाटलं. म्हणूनच अक्षर मुद्दाम मोठं न काढता नेहमीच्या हाताने लिहितो आहे. इकडे सर्व क्षेम आहे. असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं काय ते पुढे येईलच.

तुम्ही पाणीपुरवठा कार्यालयातून प्रशासन प्रमुख म्हणून निवृत्त झालात त्याला या महिनाअखेरीस तीन वर्षं होतील. तुमच्या खोलीत आता जे साहेब बसतात ते तुमच्याच खुर्चीवर बसतात, पण खाली उशी घेऊन. बाकी सगळं जिथल्या तिथे आहे. जिन्यातला नळ अजून गळतो. (पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात! येणारे लोक त्याच्याकडे बघतात आणि मग आमच्याकडे बघतात.) मीही तिथेच आहे, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी, जिथे अकरा वर्षांपूर्वी तुम्ही मला चिकटवलंत. संकेतस्थळ सहायक. लोक विचारतात म्हणजे काय करतोस, तर मी सांगतो, कागद आला की स्कॅन करतो आणि वेबसाईटवर चढवतो. आजचा कागद मी उद्यावर टाकलेला नाही. टेबल संध्याकाळी पाटासारखं स्वच्छ. तुम्ही स्वतः एकदा सगळ्यांसमोर म्हणाला होतात की कामसू माणूस बघायचा असेल तर दुसऱ्या मजल्यावर जा. तेव्हा माझी कॉलर दोन दिवस ताठ होती. आता त्या कामसूपणानेच माझं वाटोळं कसं झालं ते ऐका.

आमच्या वेबसाईटवर शोधायला एक चौकट आहे, भिंगाचं चित्र असलेली. त्या चौकटीत काहीही लिहा, उत्तर एकच येतं: नव्या टाकीच्या उद्घाटनाचा फोटो. 'गळती' लिहा, टाकी. 'तक्रार' लिहा, टाकी. एका माणसाने वैतागून तिथे आमच्या साहेबांना उद्देशून एक शिवी लिहिली, तरी टाकीच आली (आणि फोटोत साहेब फीत कापताना हसताहेत, त्यामुळे ते उत्तर अगदीच चुकलं असंही म्हणता येईना). ही तक्रार मी सहा वेळा वर कळवली. वरून सहा वेळा 'पाहिले' असा शेरा आला. तो शेराही मीच स्कॅन करून चढवला.

तर दोन महिन्यांपूर्वी खिडकीवर एक निवृत्त भूमितीचे मास्तर आले. त्यांना आपल्या गल्लीतल्या पाण्याच्या दाबाबद्दलची दोन वर्षांपूर्वीची सूचना हवी होती. मी भिंगात शोधलं, टाकी आली. मास्तर म्हणाले, "अहो, घरातल्याला काय विचारताय? बाहेरच्याला विचारा." आणि त्यांनी माझ्याच कीबोर्डावर, नेहमीच्या शोधायच्या पानावर, आधी गल्लीचं नाव लिहिलं, पुढे साईट हा शब्द, त्याला चिकटून विसर्गासारखी दोन टिंबं आणि टिंबांना चिकटून आमच्या वेबसाईटचा पत्ता. म्हणजे साऱ्या जगाचं सोडून फक्त आमच्या घरात शोध, असं त्याला सांगायचं. बटण दाबलं आणि सूचना पहिल्याच ओळीत! अकरा वर्षं मी ज्या विहिरीत बादल्या ओतत होतो तिच्यात पाणी आहे हे मला परक्या माणसाने दाखवलं. मग त्यांनी आणखी दोन युक्त्या शिकवल्या. शब्द जोडीनेच हवे असतील तर अवतरणचिन्हांत घालायचे, आणि जे नको असेल त्याच्या आधी वजाबाकीचं चिन्ह लावायचं. मी वजा उद्घाटन असं लिहून बघितलं. टाकी गेली! मामा, एवढं सुख मला पगारवाढीनेही झालं नव्हतं.

त्यानंतर माझ्या डोक्यात हवा गेली, हे कबूल करतो. कुणाला काहीही हवं असलं की मी टिंबं लावून देई. आवक-जावकच्या बाईंना त्यांच्या पाच वर्षांपूर्वीच्या बदलीचा आदेश काढून दिला, त्या रडायच्या बाकी होत्या. माझा चहा लोक परस्पर मागवू लागले. घरीही मी सुधारलो नाही. हिने चष्मा कुठे ठेवला असं विचारलं की मी म्हणे, कपाट हीच साईट धरू आणि वजा स्वयंपाकघर करू. ती म्हणाली, "त्यापेक्षा उठून बघा ना एकदा." लग्नकार्याच्या याद्यांतही वजाचं चिन्ह लावता आलं असतं तर कोणकोण गेलं असतं याचा विचार करत मी एक अख्खा रविवार आनंदात काढला. (काळजी नसावी, तुम्ही उभयता राहिला होतात.) आणि शेवटी, विनाशकाले विपरीत बुद्धी म्हणतात तसं, मी सुवाच्य अक्षरात 'आपल्याच वेबसाईटवर शोधण्याची सोपी रीत' असा कागद तयार करून सूचनाफलकावर लावला. खाली सूचना: दोन टिंबांनंतर जागा सोडू नये. त्याखाली लाल रेघ.

कागद लावला त्याच दुपारी, जेवण झाल्यावर, मी स्वतःला शोधलं. आधी नाव शोधलं, अवतरणचिन्हांत. तीन उत्तरं आली: हरवलेल्या ओळखपत्रांची यादी, सापडलेल्या ओळखपत्रांची यादी, आणि कार्यालयीन क्रीडादिनी संगीत खुर्चीत तिसरा क्रमांक. अकरा वर्षांचा हिशेब इतकाच म्हटल्यावर वाईट वाटलं, म्हणून हुद्दा शोधला. 'संकेतस्थळ सहायक', अवतरणचिन्हांत. एकच उत्तर आलं. सहा पानांचा आदेश, तीन वर्षांपूर्वीचा. त्यात चौथ्या पानावर लिहिलं आहे की संकेतस्थळ सहायक हे पद यापुढे अनावश्यक असल्याने रद्द करण्यात येत आहे. सध्याच्या पदधारकाने दोन वर्षांच्या आत अर्ज केल्यास त्याला मीटर शाखेत सामावून घेण्यात यावे. अर्ज न आल्यास तीन वर्षं पूर्ण होताच पद व पदधारक दोन्ही कमी करावेत. दोन वर्षं केव्हाच सरली. तीन वर्षं या महिन्याच्या तीस तारखेला पूर्ण होतात. आदेश चढवणाऱ्याच्या जागी माझी आद्याक्षरं आहेत. त्या दिवशी मी एकूण सदतीस कागद चढवले होते आणि सदतिसांच्या सदतीस 'इतर' या शीर्षकाखाली टाकले होते. मी कागद वाचत नाही, मामा. मी चढवतो. हमाल कधी पोतं उघडून बघतो का?

खाली जाऊन जिन्यातल्या गळत्या नळाखाली तोंड धुतलं आणि विचार केला. हा आदेश कुणाला ठाऊक आहे? कुणालाच नाही. फाईल कुठल्यातरी कपाटात गेली असणार, आणि वेबसाईटवर शोधलं तर टाकी. म्हणजे तीस तारीख गुपचूप उलटून गेली असती आणि मी निवृत्तीपर्यंतची सहा वर्षं खिडकीपाशी बसून काढली असती. ते भिंग बिघडलेलं होतं म्हणूनच माझी नोकरी टिकणार होती, आणि त्याच्याविरुद्ध मी सहा तक्रारी केल्या! वर त्याच सकाळी साऱ्या कार्यालयाला शोधायला शिकवून बसलो होतो. आपल्याच पायावर धोंडा लोक मारून घेतात. मी तो फलकावर टाचून ठेवला, लाल रेघेसकट.

तो कागद वेबसाईटवरून काढून टाकावा असं मनात आलं, पण एकदा चढवलेलं काढायला साहेबांची लेखी परवानगी लागते आणि परवानगीच्या अर्जात कारण लिहावं लागतं, त्यामुळे तो बेत सोडला. आदेश कुणी काढला हेही कळत नाही. शेवटच्या पानावर सही आहे पण स्कॅन पुसट आला आहे (स्कॅन मीच केला होता). मग मी दुसरा मार्ग धरला. फलकावरच्या कागदातलं 'सोडू नये' खोडून तिथे 'सोडावी' केलं. दोन टिंबांनंतर जागा सोडावी. विचारणाऱ्यांना सांगितलं की सुटसुटीत दिसतं. मामा, त्या एका जागेने सगळी मसलत फसते. साऱ्या जगाचा कचरा पुढ्यात येतो. आवक-जावकच्या बाईंनी 'गळती' शोधलं तर केस गळण्यावरची बावीस तेलं आली. त्यांनी त्यातलं एक मागवलंही. दोन आठवड्यांत लोक म्हणू लागले की ही रीत काही खरी नाही, आणि माझा चहा मला पुन्हा स्वतः मागवावा लागू लागला. इतका आनंदाचा अपमान मी आयुष्यात सोसला नव्हता.

धोका एकाचाच होता. आस्थापनेचे कारकून, ज्यांना सगळे टाचणी म्हणतात. (तुम्ही असताना ते भांडारात होते, बारीक आहेत आणि कागद सोडत नाहीत.) कुणाचं पद कुठे, कोण कधी कमी, हे त्यांचं काम. त्यांना मी जातीने शिकवलं, टिंबांनंतर एक नव्हे, दोन जागा सोडायला लावल्या, आणि ते निराश होऊन जागेवर गेले. पण गेल्या आठवड्यात सोमवारी भूमितीचे मास्तर पुन्हा आले. पाण्याचा दाब आणखी कमी झाला होता. माझ्याकडे यायच्या आधी ते फलकापाशी थांबले. माझा कागद त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला, खिशातून पेन काढलं, 'सोडावी' वर काट मारली, शेजारी 'सोडू नये' लिहिलं आणि सवयीने खाली दहापैकी सहा गुण देऊन सही केली. टाचणी तिथूनच जात होते.

बुधवारी सकाळी टाचणी माझ्या टेबलापाशी आले. चांगला माणूस आहे, उगाच कशाला खोटं बोलू. म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. मला सापडलं नसतं तर बरं झालं असतं." मी म्हटलं, "तुम्ही तुमचं काम केलंत." मग त्यांनी एक कागद पुढे केला. माझ्या सेवासमाप्तीचा आदेश, साहेबांच्या सहीचा. ते म्हणाले, "हा जरा चढवायचा होता." मी तो स्कॅनरवर ठेवायच्या आधी वाचला. अकरा वर्षांत पहिल्यांदा एक कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचला, दोनदा. मग चढवला. या खेपेस 'इतर' मध्ये नाही टाकला, 'आदेश' मध्ये टाकला, म्हणजे ज्याला हवा त्याला सापडेल.

तीस तारखेपर्यंत मी कामावर जातो आहे. हिला अजून सांगितलेलं नाही. ती म्हणते, हल्ली तुम्ही घरात फार शहाण्यासारखे वागता, काही शोधत नाही. मी बावन्न वर्षांचा आहे, मामा, आणि मला कागद चढवण्यापलीकडे काही येत नाही. रविवारी दुपारी पंख्याकडे बघत पडलो होतो तर एकदम रडू आलं. हिला सांगितलं, डोळ्यात केस गेला.

मामींना नमस्कार. त्यांना म्हणावं, धूळ दाखवणारा नवरा मिळणं हे भाग्य आहे, बाकीच्यांना दिसतच नाही.

आपला आज्ञाधारक,
भाचा

ता. क. मामींनी मागितलेली घडीची शिडी आमच्याकडेच आहे. एक पायरी हलते. ती दुरुस्त करून आणून देईन. आता वेळ आहे.

पुन्हा ता. क. वर दोन ठिकाणी खोटं लिहिलं आहे, ते मनाला खातंय म्हणून पाकीट फोडून लिहितो. वेबसाईटवरचा कागद काढायला कुणाची परवानगी लागत नाही. चावी माझ्याकडेच आहे, दोन बटणांचं काम. टाचणींना सापडायच्या आधी तीन आठवडे तो कागद माझ्या मुठीत होता. आणि स्कॅनही पुसट नाही, चांगला लख्ख आहे. काढून टाकायचं म्हणून मी उघडला होता, शेवटच्या पानापर्यंत गेलो आणि खाली तुमची सही दिसली. पूर्ण, ठळक, खाली तुमची ती रेघ. निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यातली. ती पुसायला हात धजावला नाही.

शेवटचं. मीटर शाखेत सामावून घ्यावं हे वाक्य तुमचंच आहे, मला तुमची भाषा कळते. तुम्हाला वाटलं असणार, तोच चढवणार, तोच वाचेल. त्यानंतर तीन वर्षांत तुम्ही आमच्याकडे चार वेळा जेवायला आलात. हिने केलेलं सगळं दोनदा मागून खाल्लंत, मला नोकरी कशी चालली आहे विचारलंत, मी छान म्हटलं आणि तुम्ही मान डोलावलीत. तेवढं एकच विचारायचं आहे, बाकी पत्र नसलं तरी चाललं असतं. सही करताना तुम्ही ते चौथं पान वाचलं होतं का? नसेल वाचलं तर तसं कळवा. आपल्या घराण्यातच आहे म्हणेन आणि गप्प बसेन. आणि वाचलं असेल, तरी नव्हतं वाचलं असंच कळवा.