'नको' म्हटल्यावर

शीळफाटा, २० जानेवारी २०२५

ती. सुमतीताईस,
श्रीपादचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने भरतेस, म्हणून पत्र. मागे मी वसतिगृहात राहायला आलोय म्हणालो, तर तू रुग्णालयात ऐकलंस आणि माझ्यासाठी नवस बोलून बसलीस!

मी ठणठणीत आहे. विद्यापीठाने आम्हा काही प्राध्यापकांना मुलांच्याच इमारतीत राहायला बोलावलंय. मुलांनी कधीही यावं, बसावं, अडचण सांगावी, असा बेत. मदतीला वरच्या वर्गातले विद्यार्थी-फेलो असतात. ते नव्या मुलांना धाकट्या भावंडांसारखं सांभाळतात. माझं दार सताड उघडं असतं, पण येतंय कोण! चुकून कुणी आलंच तर मी अगत्याने विचारतो, चहा घेणार का म्हणून. ती नको म्हणतात. मग मी आग्रह करत नाही. एवढी मोठी मुलं, त्यांना काय हवं ते त्यांना कळत असणारच. तुझ्या चकल्यांचा डबा अजून भरलेलाच आहे.

एक वाईट बातमी. मुलींच्या मजल्याची आमची फेलो, कळव्याची कल्पिता, परवा खोलीची किल्ली परत द्यायला आली. फेलोशिप नको, घरी जाते म्हणाली. का गं, विचारलं तर म्हणे काही नाही. मी म्हटलं, बरं, तुझी इच्छा. थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. फार गुणी पोर. मजल्यावरची रडणारी प्रत्येक मुलगी तिच्याच खोलीत जायची. मला चुटपुट लागली आहे, पण ती काही नाही म्हणाल्यावर मी काय करणार?

गुडघे कसे आहेत? लोभ आहेच, वाढला तरी माझी हरकत नाही.

तुझा,
श्रीपाद


वर्तकनगर, २३ जानेवारी

चि. श्रीपादास,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा. तो समक्ष भेटीत.

अरे शहाण्या, कसली रे तुझी ती पीएच.डी.? काही नाही म्हणून मुलगी तिथेच उभी राहते म्हणजे बरंच काही असतं! नुसती किल्लीच द्यायची असती तर शिपायाकडे टाकून गेली असती. तू तिला निदान बस तरी म्हणालास का?

आणि चहा घेणार का, असं विचारतात होय? पहिलं नको हे नको नसतंच मुळी. पाहुण्याने नको म्हणायचं आणि आपण कप हातात द्यायचा, ही रीत आहे. तुला ती लग्नाच्या वयातही कळली नाही. डोंबिवलीच्या त्या स्थळाकडची माणसं म्हणाली, आम्हाला काही घाई नाही. तर तू मलाही नाही म्हणून चपला घालून निघालास! बिचारी नंतर किती दिवस तुझ्या निरोपाची वाट बघत होती.

माझा जीव त्या मुलीत अडकलाय. सगळ्यांची रडगाणी ती ऐकते, तिचं कोण ऐकतं रे? ऊठ आणि कळव्याला जा. नको म्हणाली तरी बस. खरं काय ते कळल्याशिवाय उठलास तर माझ्याशी गाठ आहे.

गुडघे जागच्या जागी आहेत. राग ओसरला की माया पूर्ववत समजावी.

तुझी,
ताई


शीळफाटा, २८ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जाऊन आलो. बिल्डिंगींच्या गराड्यात त्यांचं जुनं बैठं घर आहे. सर, तुम्ही कशाला आलात, काही नाही म्हटलं होतं ना, असं कल्पिता म्हणत होती तोवर मी बसलोसुद्धा. तिची आजी आवडाबाई हिने ताटच पुढ्यात ठेवलं. जेवून आलोय म्हणालो, तर तिने ऐकलंच नाही. आणि ताई, तिचे कान उत्तम आहेत. मी मासे खात नाही कळल्यावर तिने कपाळावर हात मारला, आणि ती कसर तांदळाच्या भाकऱ्यांनी भरून काढायचं ठरवलं. मी नको म्हणालो की एक भाकरी पडे. शेवटी मी नको म्हणायचंच सोडलं.

कल्पिताला म्हटलं, परत चल. नको म्हणाली. मग मी ताट पुढे केलं आणि आजीला सांगितलं, ही खरं बोलेपर्यंत मी जेवतच राहणार. आजी खूश! कल्पिताला हसू फुटलं आणि हसता हसता ती रडायलाच लागली. संख्याशास्त्रात नापास झालीय गं ती. नव्या मुलींना अभ्यास कसा करायचा ते हीच शिकवायची, आता त्यांना तोंड कसं दाखवू म्हणे. आणि म्हणाली, सर, त्या दिवशी मी किल्ली द्यायला आलेलेच नव्हते. तुम्ही घेतलीत.

ताई, चुकलो मी. किल्ली खिशातून काढून ताटाशेजारी ठेवली. घेणार का, असं अजिबात विचारलं नाही. निघालो तेव्हा ती तिथेच पडलेली होती, आणि अजून कल्पिताचा पत्ता नाही.

पोट अजून भरलेलं आहे, मन नाही. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा,
श्रीपाद


मुलींचा मजला, ६ फेब्रुवारी

आदरणीय सुमतीआत्यांना,
कल्पिताचा सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही, पण मी कळव्याची ती किल्लीवाली. पत्ता सरांनी दिला. मी परत आलेय. आधी थँक्यू. आता तक्रार.

आत्या, सरांना आवरा! आता ते काही विचारतच नाहीत, डायरेक्ट कप हातात. आमच्या मजल्यावरच्या पायलचा उपवास होता, तरी तिला चकल्या. हितेशला दूध चालत नाही, तो खरंच नको म्हणत होता, तर सर हसून म्हणाले की आता मला सगळं कळतं. बिचारा चहा पिऊन दिवसभर पोट धरून बसलेला. काही 'नको' खरे पण असतात, हे प्लीज तुम्हीच कळवा. पण सरांची खोली आता फुल असते, बसायला जागा नसते.

मला तो पेपर पुन्हा द्यायचाय. आल्या आल्या मजल्यावरच्या सगळ्या मुलींना बोलावलं आणि सांगून टाकलं, तुमची ताई नापास झालीय. सगळ्या भराभर उठून निघून गेल्या. म्हटलं, झालं, संपलं आपलं. खोलीत गेले आणि आतून कडी लावून घेतली.

थोड्या वेळाने दार वाजलं. सगळ्या बाहेर उभ्या, पायलच्या हातात मॅगीचं पातेलं. मी आतूनच ओरडले, काही नाही गं, मी ठीक आहे, जा तुम्ही.

एकही गेली नाही.

तुमची, न विचारता झालेली भाची,
कल्पिता