पाणी थंड झालं तर

शनिवार, १२ ऑक्टोबर

चर बुजवला एकदाचा. अंगणातल्या लाकडावरच्या बॉयलरचं गरम पाणी आता जमिनीखालच्या नळीतून तळघरात येणार, आणि तिथल्या जुन्या गॅसभट्टीचा पंखा त्याची ऊब खोल्यांत ढकलणार. पंखा तेवढा चालू, भट्टी बंद. मी भीतभीत विचारलं — पाणी थंड झालं की गॅस आपोआप पेटेल, अशी जोडणी करायची का?

"दारात बर्चच्या लाकडांची एवढी रास असताना गॅस जाळू? लाज नाही वाटणार?" बाबा.

आर्वोकाका वायर सोलता सोलता बाबांना म्हणाले, "रैनो, तू टोस्ट भाजायलासुद्धा झाड पाडशील."

बाबा हसले नाहीत.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

डुलुथ शहरातल्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. जानेवारीपासून तिथंच राहायचं. फक्त काकांना सांगितलं.

बुधवार, ६ नोव्हेंबर

बाबांनी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. हे खोटं बोलणं झालं का? माझी शाळा म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल. तिथंच आईनं शिकवलं होतं, गप्प राहूनही माणूस खोटं बोलतो. आई गेली, पण त्या टेबलाशी बसलं की अजून उत्तर द्यावं लागतं.

सकाळ-संध्याकाळ बॉयलरमध्ये लाकूड मीच टाकते. बाबांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. मी गेले आणि आग विझली, तर? घरातले नळ गोठतील. ते कुणालाही बोलावणार नाहीत. कुडकुडत बसतील.

कॉलेजला नको म्हणून कळवावं.

शनिवार, ७ डिसेंबर

उद्या रविवार, कामाला हात लावायचा नाही. म्हणून सौनात वाफ घ्यायला जायच्या आधी बॉयलर ठासून भरला. बाबा म्हणाले, "इतकं कोंबू नकोस गं, आगीला जागा ठेव." मला वाटलं, कमी पडायला नको.

रविवार, ८ डिसेंबर

चर्चमधून आलो तर धुराडं गार. बॉयलरचं दार उघडलं — खालची लाकडं जळून राख, वरची एकमेकांत अडकून कमानीसारखी अधांतरी. कोरडी, कोरी. आग केव्हाच विझलेली. माझ्याच कोंबण्यानं.

रविवार असूनही गज घेऊन ती कमान पाडली. मनात देवाची क्षमा मागत होते. बाबा खिडकीतून बघत होते, रागावले नाहीत. बॉयलरचं पाणी पार निवलेलं.

आता हे लिहिताना लक्षात येतंय — आत आले तेव्हा घर उबदार होतं.

सोमवार, ९ डिसेंबर

बॉयलर पुन्हा पेटवायच्या आधी तळघरात जाऊन पाहिलं. भट्टीत निळी ज्योत. नळीला नवी वायर, काकांच्या हातची.

"गॅस कधी जोडलात?"

बाबा कॉफीत पाव बुडवत होते. "तू गावात गेली होतीस तेव्हा. आर्वोची बडबड ऐकत करून घेतलं." मग म्हणाले, "जानेवारीत मी काय या खांद्यानं लाकडं टाकणार होतो?"

जानेवारीचं नाव मी या घरात काढलेलंच नव्हतं.