मीठ विरघळेपर्यंत

१४ एप्रिल, सकाळी अकरा

प्रिय दादा,

नमस्कार. आई बरी आहे, गुडघे सोडले तर. मीही ठीक. तू मजेत असशील असं आपलं रीत म्हणून लिहिते. दोन वर्षांत तुझी आलेली तीन पत्रं मिळून एक पान भरत नाही, त्यामुळे खरं काय ते तुझं तुलाच माहीत. गोदामातलं काम कसं आहे? आई विचारते, जेवणाचं काय करतोस. मी विचारते, तिथे जवळपास पोहायला पाणी आहे का?

बातमी अशी की क्लबच्या तलावाची किल्ली आजपासून माझ्याकडे आहे. तुझ्यानंतर आलेला कंत्राटदार काम सोडून गेला आणि मी टॉवेल देते त्या खिडकीशी येऊन सेक्रेटरी मला म्हणाले, "तू त्याची बहीण ना? बघून बघून शिकली असशील." नाही म्हणायला हवं होतं. तोंडातून हो निघून गेलं.

आज पहिल्यांदा मीठ घातलं. मीटर लिटरमागे सव्वादोन ग्रॅम दाखवत होतं, आपल्याला हवेत सव्वातीन. लाख लिटर पाणी, म्हणजे शंभर किलो, म्हणजे चार गोण्या. आकडेमोड तीनदा केली. दाराला साखळी लावली, मिठापासून क्लोरीन तयार करणारं यंत्र बंद केलं, पंप तेवढा चालू ठेवला. गोणी एकटीनं उचलायची नाही, म्हणून माळीकाकांना हाताशी घेतलं. हातमोजे घातले, तुझा तो जुना चष्माही लावला. काठाकाठानं चालत थोडं थोडं मीठ सोडत गेले. पाणी आत ओढणाऱ्या जाळीपासून लांब आणि एका जागी ढीग न करता. मग लांब दांड्याच्या ब्रशनं तळ घासला. सांडलेलं मीठ लगेच धुतलं, नाहीतर फरशीवरून माळीकाका थेट तलावातच गेले असते. ते सारखे विचारत होते, "स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही का ग?" मी तुझ्याच आवाजात सांगितलं, "काका, त्यात आणखी काय काय मिसळलेलं असतं, इथे साधं शुद्ध मीठच लागतं." ते म्हणाले, "अगदी भावावर गेलीस." मला पटकन दुसरीकडे बघावं लागलं.

आता उद्या सकाळपर्यंत मोजायचं नाही. मीठ पुरतं विरघळून सगळीकडे पसरेपर्यंत मीटर खोटं बोलतं, हे तुझंच वाक्य. तोवर हात बांधून बसायचं. ते मला कधी जमलंय? म्हणून लिहायला घेतलं.

दादा, तुझी फार आठवण येते. पंपाच्या खोलीत खिळ्यावर तुझी शिट्टी अजून आहे. नोंदवहीत तुझं अक्षर आहे, सातचा आकडा तू असा काढतोस की तो एकासारखा वाटतो. दुपारी तलाव रिकामा असला की तू काठावर पाय सोडून डबा उघडायचास आणि मला हाक मारायचास. हल्ली मी खिडकीतच जेवते.

दुपारी तीन

दोनदा मीटर हातात घेऊन तलावापर्यंत गेले. दोनदा परत ठेवलं. त्या दिवशी ठेवलं असतं तर!

आता लिहितेच. गेल्या तासाभरात चार कागद फाडलेत.

दोन वर्षांपूर्वी, पोरांच्या पोहण्याच्या शर्यतीच्या दोन दिवस आधी तू चार गोण्या घातल्यास आणि आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलास. जाताना म्हणालास, "हात लावू नकोस, उद्या मोजू." मी दोन तासांत मोजलं. मीठ अजून खोल बाजूला तळाशी बसलेलं, मीटरचा आकडा कमीच. मला वाटलं, तुझा अंदाज चुकला, आपण भरून काढू. तू आल्यावर म्हणशील, शाबास, शिकलीस. मी आणखी तीन गोण्या ओतल्या. रिकाम्या गोण्या घडी करून घरी आणल्या. तुम्ही उशिरा आलात, आई डोळ्यांत औषध घालून आडवी झालेली, तू दमलेला. म्हटलं, सकाळी आकडा बरोबर आला की सांगू.

सकाळी यंत्रावर लाल दिवा लागला. मीठ जास्त झालं. पाण्यात गेलेलं मीठ परत काढता येत नाही. पाचव्या हिश्शाएवढं पाणी सोडून नवं भरायचं, दुसरा उपाय नाही. शर्यत रद्द झाली. सरावाला आलेली पोरं पोहण्याच्या कपड्यांत रडत उभी होती आणि सेक्रेटरी सगळ्यांसमोर तुला वाट्टेल ते बोलले. तू कोठीत जाऊन गोण्या मोजल्यास. दहातल्या तीन उरल्या होत्या. बाहेर येऊन म्हणालास, "मला चार आठवतात. पण सात गेल्यात, म्हणजे मीच ओतल्या." तू आठवणीपेक्षा आकड्यावर विश्वास ठेवणारा माणूस. माझ्यावर संशय घ्यावा हे तुझ्या मनातही आलं नाही. मी तिथेच, चार हातांवर, टॉवेलांच्या घड्या करत उभी होते. मूग गिळून.

घरी आईसुद्धा बोलली, "इतकी वर्षं काम करून गोण्या मोजता येईनात?" तू राजीनामा दिलास तेव्हा मी रडले, आठवतं? तू माझीच समजूत काढलीस. म्हणालास, "आज मीठ होतं, मिठानं कुणाचं काही बिघडत नाही. उद्या हातात आम्लाचा कॅन असेल आणि पाण्यात पोरं असतील. माझ्या हातावर माझाच भरवसा उरला नाही." तेव्हा तरी सांगायचं. नाही सांगितलं. आधी तुझ्या रागाची भीती वाटली, मग दिवस गेले, मग दिवस गेले म्हणून लाज वाटली.

१५ एप्रिल, सकाळी नऊ

काल संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगतेस? त्याला सांग." रात्री जेवली नाही. आज माझ्याशी बोललेली नाही.

आताच मोजलं. सव्वातीन. यंत्र सुरू केलं, दिवा हिरवा आहे. मग सेक्रेटरींकडे गेले, उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि किल्ली टेबलावर ठेवली. ते म्हणाले, "दोन वर्षांनी सांगून काय उपयोग?" मी म्हटलं, तुम्हाला नसेल. ते खिडकीतून तलावाकडे बघत राहिले. मग म्हणाले, त्याला लिही, मला भेटायला ये म्हणावं, माफी मागायची आहे.

ते मागतील त्या माफीचं काय करायचं ते तू ठरव. मला स्वतःला माफी मागायची हिंमत नाही, म्हणून फक्त खरं तेवढं लिहिते. तू चारच गोण्या ओतल्या होत्यास. तुझा हात चुकला नव्हता, दादा, एकदाही नाही. आज कामावर काही उचलशील तेव्हा तुझ्या त्या हातांकडे एकदा बघ.

माझ्यावर राग धर. बोलू नकोस, तोंड बघू नकोस, सगळं चालेल. पण ते इथे येऊन कर.

तुझी,
आजवर गप्प राहिलेली
धाकटी बहीण