दिवसाला एक मिलिमीटर

मिरज, सोमवार

तीर्थस्वरूप आकाराममामांस,

अमृतचा साष्टांग नमस्कार, एक अंग वजा (उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, अक्षर डाव्या हाताचं, सांभाळून घ्या). मामींचा गुडघा कसा हाय? जीपला काच बसली का?

आवं मामा, ज्या दिवशी तुम्ही मधस्थी करून कराडात माझ्या वर्गातल्या प्रियदर्शनीच्या लग्नाची सुपारी फोडली, त्याच दिवशी मी तुमच्या जीपची काच फोडली. अर्ध्यात कॉलेज सोडलेल्या माणसाकडून (सोडलं कशाला, तर तिनं यायचं बंद केलं म्हणून) याहून शहाणपण निघालं नाही. काच एका बुक्कीत गेली. सोबत हाताची नसही गेली. रक्ताची नव्हे, बोटांना जाणीव देणारी.

इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टर संयोगिता मॅडमनी केसपेपरच्या मागं चित्र काढून समजावलं. पेशीचं घर मानेपाशी, मणक्याजवळ, आणि तिची एकच लांब शेपटी थेट बोटाच्या टोकापर्यंत, वरून वायरीसारखं आवरण. घर शाबूत, शेपटी तुटली. आवरण शिवलंय, आता त्यातून शेपटीनं नव्यानं सरपटत यायचं, दिवसाला एक मिलिमीटर. (एसटी बरी.) आणि पेशी पेशीला कधी शिवत नाही म्हणे. मधे बारीक फट असते. इकडची रसायनाचे थेंब सोडते, पलीकडची झेलते, तेव्हा निरोप पोचतो. आमचंही तसंच चाललं होतं, फक्त आमच्या फटीत तुम्ही सुपारी घेऊन बसला.

पट्टीनं मोजलं. जखमेपासून बोटापर्यंत सव्वीस सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ नऊ महिने. लग्न त्याच्या आधीच, मार्गशीर्षात. अक्षता टाकताना मुठीत तांदूळ आहेत की संपले, ते मला बघून ठरवावं लागेल. "सगळं परत येईलच असं नाही," हे मॅडम चित्राकडं बघत म्हणाल्या, माझ्याकडं नाही. शेजारच्या खाटेवर आटपाडीकडचे हरिबा आहेत, सगळा जन्म मेंढरांमागं गेला. ते म्हणाले, "आरं, कातरलेल्या मेंढीला लोकर येतीच की. तवर मेंढी काय काचंवर डोकं आपटती व्हय?" मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

असो. तो विषय मनातून उपटून टाकलाय. तिचं नाव या पत्रात परत येणार नाही.

तुमचा भाचा,
अमृत

ता. क. प्रियदर्शनी काल आली होती. दारात दिसल्याबरोबर मी रागानं भिंतीकडं तोंड करून झोपेचं सोंग घेतलं. ती गेल्यावर हरिबा म्हणाले, "लेका, पाऊण तास तुझी बोटं धरून बसली व्हती पोरगी." मला कळलंच नाही, मामा.

आणखी ता. क. करंगळीची नस निराळी, ती शाबूत आहे. मॅडमनी टाचणी टोचून बघितली, लय दुखलं. लग्न मोडा म्हणत नाही. तुमचं त्यांच्याकडं जाणं-येणं आहे, तिला एवढंच सांगा: एकदा अजून ये, आणि करंगळी धर.