मिठाचा शेक

१५ जानेवारी २०१९, मंगळवार

हात खांद्याच्या वर जात नाही. शर्ट शालिनीने काढला, लहान मुलाचा काढतात तसा. हसू दाबत होती. दाबता आलं नाही.

सकाळी सहाला डिचोलीहून निघालो, जयरामच्या स्कूटरवर मागे बसून. आश्वेच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा भरती नुकती लागली होती. सगुणने आधी वाळूवरच बोर्डावर पालथं झोपवलं. सगुण म्हणजे शिकवणारा. मांद्रेचा, पस्तिशीचा, फार न बोलणारा. दोन्ही हातांनी वाळू मागे उपसायची, मग छातीजवळ तळवे टेकून एका झटक्यात उभं राहायचं. वाळूवर जमलं. पाण्यात तेवीस वेळा पडलो. मोजलं!

कल्पना संपादकांची. ‘सदाशिवराव, पन्नाशी उलटलेल्या माणसाने लाटेवर उभं राहायला शिकायचं. रविवारच्या पुरवणीत चार लेख. कोण वाचणार नाही?’ मी सत्तावन्नचा. लेख मी लिहायचे, पुरवणीची पानंही मीच लावायची. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

जयराम हौसेने येत नाही. मूळ सातार्ड्याचा. बावीस वर्षं शिरगावच्या खाणीवर ट्रक चालवला. गेल्या वर्षी खाणी बंद पडल्या तेव्हा मी त्याची मुलाखत घेतली होती, तेव्हापासूनची ओळख. आता या सर्फिंग शाळेत बोर्ड धुतो, वाहून नेतो. मालकाने सांगून ठेवलंय — पंधरा मार्चला दहा लाटा घ्यायच्या, सहांवर उभं राहायचं. राहिलास तर शिकवणाऱ्यांचा मदतनीस, कायमचा. नाही तर दुसरा माणूस बघतो. जयराम एकोणपन्नासचा आहे.

‘बावीस वर्सां ट्रकाच्या शिटीर बसान काडलंय, भाऊ. आता म्हणतत उबो रव!’

१६ जानेवारी

कालच्यापेक्षा वाईट. बरगड्या कोणी मुसळाने कुटल्यासारख्या. दात घासताना हात हलेना — ब्रश धरून ठेवला आणि डोकं हलवलं.

१७ जानेवारी

तिसऱ्या दिवशी कमी होतं म्हणतात. मांड्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही.

ऑफिसचा जिना उलटा उतरलो, कठडा धरून, एक एक पायरी. खाली गोकुळदास शिपाई चहाची किटली घेऊन उभा. बराच वेळ बघत होता. शेवटी विचारलं, ‘सदाशिवबाब, तुमी चडतात काय देंवतात?’ चढतोय की उतरतोय, मलाही सांगता येईना. दोघेही हसलो. हसल्यावर बरगड्या दुखल्या.

हे लेखात जाणार. नक्की.

संध्याकाळी शालिनीने लोखंडी तव्यावर जाडं मीठ भाजलं, जुन्या धोतराच्या फडक्यात पुरचुंडी बांधली. तिच्या आईचा उपाय. पेडण्याला भातलावणीनंतर बायका ओळीने बसून एकमेकींच्या कमरा शेकायच्या. शेकल्यावर कापूर घातलेलं खोबरेल. मग नऊला झोप. झोपलो.

२२ जानेवारी, मंगळवार

दुसरा धडा. एकोणीस वेळा पडलो. गुडघ्यांची सालं गेली, छातीवर पुरळ आलं. खारं पाणी लागलं की आग.

सगुणला विचारलं, दुखण्याचं काय करायचं? लेखाला हवं होतं. जयराम पलीकडे नळावर बोर्ड धूत होता. सगुणने वाळूत दोन रेघा ओढल्या, माणसाच्या दोन हातांसारख्या.

‘दोनय बाजूंनी दुखता, तां शिकल्याचा. चार दिसांनी जाता. एकाच बाजूक दुखता आनि रवता, तां शिकल्याचा न्हय. तेका शेक देव नये. डाक्टराक दाखवूचा.’

इतकं बोलला आणि पाण्याकडे गेला. या माणसाकडून एवढी वाक्यं म्हणजे पुष्कळ. उतरवून घेतली.

३१ जानेवारी, गुरुवार

पहिला लेख दिला. मथळा: ‘अंग शिकतंय!’ पान तीन लागलं होतं, सगळं बसलं होतं. साडेसहाला जाहिरात विभागाचा माणूस धावत आला. फोंड्याची श्रद्धांजली, दोन कॉलम, फोटोसह, रविवारीच हवी. पुण्यतिथी पुढे ढकलता येत नाही.

माझ्या लेखातून बारा ओळी काढायच्या. तळातून घेतल्या, तीस वर्षं घेतो तशा. शेवटचा परिच्छेद गेला, सगुणच्या दोन रेघांचा. पुढच्या लेखात घेऊ. आता लेख संपतो तो असा — ‘शेक द्या, तेल चोळा, झोपा आणि पुन्हा पाण्यात उतरा. दुखतंय म्हणजे अंग शिकतंय.’ शेवट उलट जास्त बरा झाला.

सात वाजता पान छपाईला सोडलं.

३ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून फोन. सगळे जिन्याच्या किश्श्याला हसले. वाळपईहून एका निवृत्त मास्तरांचा फोन — ‘चडतात काय देंवतात’ आता घरात बायको त्यांना विचारते. संपादकांचा निरोप: असेच तीन द्या.

जयरामचाही फोन. शेवंतीला, म्हणजे बायकोला, वाचून दाखवला म्हणे. ‘ती म्हणता, भाऊंक दुखता ता छापून येता, तुमच्या दुखण्याक कोण इचारता? पण मीठ आणल्यान हां!’

९ फेब्रुवारी, शनिवार

माझं दुखणं उतरलं. कबूल करायला हरकत नाही, बरं वाटतं. पाठ सरळ, भूक दुप्पट. सकाळी तीन उंडे खाल्ले तर शालिनीने पावाची परडीच आत नेली.

जयराम अजून पडतो. सगुण म्हणतो, ताकद पुष्कळ आहे, घाई नडते. लाट यायच्या आत उठतो.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

उभा राहिलो! तीन सेकंद, चार असतील. किनारा सरळ आपल्याकडे येताना दिसतो. मग नाकात पाणी.

परत आलो तर जयराम बोर्डाला टेकून वाळूत बसलेला. कपाळावर घाम. पाण्यातून आलेल्या माणसाला घाम? ‘ऊन,’ म्हणाला. साडेसात वाजले होते.

डावा खांदा चोळत होता. सगळेच चोळतात.

२१ फेब्रुवारी

दुसरा लेख दिला. उभं राहण्यावर लिहिला. सगुणचा परिच्छेद त्यात कुठे बसेना. दुखण्याचा विषय मागे पडला.

२ मार्च, शनिवार

हे नीट लिहून ठेवतो.

जाताना स्कूटर जिथे थांबेल तिथे जयराम उजव्या हाताने डावं कोपर दाबत होता. विचारलं.

‘डावो खांदो ऐकणा नाय, भाऊ. कोपरापर्यंत उतारता.’

‘आणि उजवा?’

‘उजवो बरो. बोर्ड डाव्या खांद्यार घेतंय ना, म्हणान.’

‘किती दिवस?’

‘झाले पंधरा-ईस. सगुण म्हणता डाक्टराक दाखय. डाक्टर कायतरी कागद लिवन देतलो, मालक तो वाचतलो, आनि मी घराक. पंधरा तारीख जावंदे. आनि तुमच्या लेखात तसा कायच नाय. शेक द्या, तेल चोळा, झोपा, परत उतरा. माका पाठ आसा!’

मी म्हणालो, ‘जयराम, तिथे खरं तर आणखी—’ आणि कोलवाळच्या पुलाआधी वाहनांची रांग लागली, त्याने करकचून ब्रेक मारला, मागच्याला शिवी दिली. मग ऑफिसचा फोन. पान दोनचा फोटो चुकलाय. तो निस्तरेपर्यंत आश्वे आलं.

म्हटलं, किनाऱ्यावर सांगू.

किनाऱ्यावर जयराम उभा राहिला. पहिल्यांदाच. गुडघे वाकलेले, हात पसरलेले, तोंड उघडं. लाट पार वाळूपर्यंत आली तरी उभाच. खाली उतरायचं त्याला कळेना. सगुणने शिट्टी मारली. मी ओरडलो. मग आणखी दोनदा उभा राहिला. पाण्यातून पळत आला आणि मला ओल्या अंगाने मिठी मारली. ‘भाऊ, शिटीवयलो मनीस उठलो!’

येताना रस्ताभर बोलत होता. डिसेंबरात शेवंतीला आणून दाखवणार. मुलीला सांगितलंय, बाबा मास्तर होणार.

अशा दिवशी सगुणच्या दोन रेघांचं कसं बोलायचं? मंगळवारी सांगू.

५ मार्च, मंगळवार

गेलो नाही. पुरवणीचं काम. फोन केला, लागला नाही. पुन्हा केला नाही.

९ मार्च, शनिवार

आजही नाही. तिसरा लेख. जयरामचा निरोप: दहात पाच.

१२ मार्च, मंगळवार

सगुणचा फोन सात वीसला. आज जाणार होतो, पण रात्री पाहुणे होते म्हणून जयरामला एकट्यालाच जा म्हटलं होतं.

‘सदाशिवबाब, जयराम पडलो.’

मला वाटलं लाटेवरून. म्हटलं, पडू दे, उठेल.

‘वाळयेर पडलो. बोर्ड घेवन येय होतो. उठना नाय.’

रुग्णवाहिका आली, पण दवाखान्यात पोचल्यावर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हृदय. तिथल्या डॉक्टरांनी सगुणला विचारलं, आधी काही त्रास? सगुणने सांगितलं — डावा खांदा, तीन आठवडे. डॉक्टर म्हणाले, तेव्हा आला असता तर.



१४ मार्च

शिरगावला गेलो, शालिनी बरोबर. भाड्याची खोली, खाणीचे ट्रक उभे करायच्या जागेच्या मागे. तिथे आता ट्रकही नाहीत, तेलाचे डाग आहेत.

शेवंती भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून पदर नीट केला. मुलीने खुर्ची दिली. मी खाली बसलो.

कॅलेंडरच्या खिळ्याला माझा लेख अडकवलेला. पहिला. कडा कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून. तळाशी तेलाच्या बोटांचे डाग.

ती म्हणाली, ‘तुमी लिवलात तसाच सगळा केला हो. एक दीस चुकवक नाय. मीठ भाजून भाजून तव्याक गंज चडलो.’

दोष देत नव्हती. देत असती तर बरं झालं असतं. मला सांगत होती की आपल्याकडून कसूर झाली नाही.

शालिनीने तिचा हात धरला. मी पुठ्ठ्याकडे बघत राहिलो. शेवटची ओळ लांबूनही वाचता येत होती.

निघताना शेवंती म्हणाली, ‘पेपरात तेंचा नाव येव दे. तुमीच लिवा.’

१५ मार्च

आज त्याची परीक्षा होती.

१८ मार्च

संपादकांना सांगितलं, चौथा लेख नाही. ते म्हणाले, ‘समजू शकतो. पण जयरामवर लिहा ना. वाचक रडतील.’



सगुणला भेटायला आश्वेला गेलो. तो बोर्डांना मेण लावत होता. म्हटलं, तू सांगितलेलं मी लिहिलं होतं, जागा नव्हती, कापावं लागलं. त्याने मान हलवली. ‘मी तेका तोंडान सांगलंय, दोनदा,’ म्हणाला. ‘तो म्हणा, भाऊंनी तसा लिवक नाय.’

मग बराच वेळ मेण लावत राहिला. मीही एक बोर्ड घेतला. हात दुखले नाहीत.

२२ मार्च, शुक्रवार

जयरामची श्रद्धांजली मीच लिहिली. मीच उशीर केला. चार वेळा फाडली. साडेपाचला दिली तेव्हा पान तीन लागून गेलं होतं, काजूच्या बागांवरच्या कुणाच्या तरी लेखाने भरलेलं.

पान लावणाऱ्या ताराने पडद्यावरून मान वर केली. ‘सर, बारा ओळी जास्त होतात. काजूच्या लेखाच्या तळातून घेऊ ना?’

माझ्याकडूनच शिकली आहे ती.

म्हटलं, थांब. आधी मला सगळा वाचू दे.

ती घड्याळाकडे बघत राहिली. मी पहिल्या ओळीपासून वाचला.

२३ मार्च

ऑफिसात जाऊन ३ फेब्रुवारीचं पान आणि माझी मूळ प्रत काढली. शेजारी ठेवून ओळी मोजल्या.

सगुणचा परिच्छेद, शेवटचा — बारा.

जिन्याचा परिच्छेद, तिसरा — तेरा.

सगुणला मी जागा नव्हती म्हणून सांगितलं. जागा होती. त्या संध्याकाळी तिसऱ्या परिच्छेदावर पेन्सिलीने चौकट केली होती, काढण्यासाठी. मूळ प्रतीवर ती अजून आहे. मग खोडलेली.

लोक हसतील म्हणून.