कणकेचा डोंगर

२ फेब्रुवारी, सोमवार

अक्षताचा आवाज मांजरीच्या पिल्लासारखा आहे. तोंडावर सांगून टाकलं. रडली. रडू दे!

आठवीला भूगोल शिकवते. घरात पाठ म्हणून बघत होती, आणि इथे दोन हातांवर मोरीत भांडी घासतेय मी, मला काही ऐकू येईना. शेवटच्या बाकावर काय ऐकू जाणार, कपाळ?

तीन वर्षं शाळेत तात्पुरती आहे. पुढच्या मंगळवारी संस्थेची माणसं वर्गात मागे बसून तिचा एक तास बघणार. पसंत पडला तर कायम. नाही तर जूनपासून घरी. शाळेच्या मोठ्या बाई तिला म्हणाल्या, "शिकवता छान, पण वर्ग मेल्यासारखा गप्प असतो. मुलं बोलतच नाहीत."

बोलत नाहीत म्हणजे काय! माझी मुलगी आणि तिच्यापुढे माणसं गप्प?

उद्यापासून मीच वर्ग. चौथी शिकलेय. मला कळलं तर आठवीला कळेलच.

३ फेब्रुवारी

समोच्च रेषा. नाव तरी बघा! डोंगरावरच्या एकाच उंचीच्या जागा जोडल्या की ती रेषा होते म्हणे. डोंगरावर दिसत नाही. फक्त नकाशात.

"नसलेली गोष्ट शिकवतेस कशाला?"

"आई, वर्गात असं कुणी विचारत नाही."

"म्हणूनच तर गप्प बसतात ना!"

ह्यांनी टीव्ही मोठा केला. "अगो, एका घरात दोन मास्तरणी नको गो," म्हणाले. ह्यांना कोण विचारतंय?

५ फेब्रुवारी, गुरुवार

टॉवरमधल्या पोळ्यांची ऑर्डर होती. कणीक तिंबत होते तर अक्षताने परातीतला गोळाच उचलला! थापून थापून डोंगर केला. एक बाजू उभी, दुसरी सावकाश उतरती. मग दोऱ्याने त्याचे आडवे काप केले. एकेक काप कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवली. मोठ्या गोलात छोटा गोल, त्यात आणखी छोटा. उभ्या बाजूला रेषा चिकटून आल्या, उतरत्या बाजूला लांब लांब.

अन्नाची नासाडी म्हणून ओरडणार होते. ओरडले नाही. अख्खा डोंगर कागदावर झोपला होता!

"हेच कर वर्गात."

"शाळेत कणीक नेऊ?"

"मी मळून देते. पाणी कमी, घट्ट."

कुठून सुचतं पोरीला? माझ्यावर गेलीय.

६ फेब्रुवारी

टॉवरमध्ये पोळ्या द्यायला गेले तर तिथल्या क्षमाताई म्हणतात, "भूगोल होय? गणित-सायन्स असतं तर क्लासेस तरी काढता आले असते."

"ताई, तुमचा मुकुल मोबाइलला विचारल्याशिवाय दहिसर स्टेशनला पोचत नाही. पाठवा त्याला. शिकवेल अक्षता."

तोंड एवढंसं झालं. मी कशाला ऐकून घेऊ!

८ फेब्रुवारी, रविवार

आवाज सुधारला. शेजारच्या सुगंधाने भिंत ठोकली — पहिल्यांदाच माझ्यामुळे नाही!

१० फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी कणीक दिली असती तर दुपारपर्यंत डोंगर बसला असता. म्हणून तासाच्या वेळेला मीच ताजी मळून, डबा घेऊन बोरिवलीला शाळेत गेले. अक्षताने दारातच घेतला. "आई, आता जा हं."

गेले नाही. व्हरांड्यात खिडकीशी उभी राहिले. बघायला नको?

मागे संस्थेची माणसं. त्यातले एक म्हातारे सारखे काहीतरी लिहीत होते. अक्षताने डोंगर केला, कापला, फळ्यावर रेषा काढल्या. मग विचारलं, "इथे रेषा जवळ जवळ आहेत. यावरून काय कळतं?"

सगळ्यांच्या माना खाली. म्हातारे लिहायचे थांबले. अक्षताने परत विचारलं. कुणी हूं की चूं नाही.

मला राहवेना. घरी या प्रश्नाला मीच उत्तर देते ना! तोंडातून निघूनच गेलं — "उंच डोंगर!"

वर्ग खो खो हसला. मागच्या माना खिडकीकडे. अक्षता पांढरीफटक. म्हटलं शेवंते, लावलीस पोरीची वाट!

तेवढ्यात शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, चुकलं त्यांचं. जवळ म्हणजे उंच नाही."

घरी बरोबर येत होतं की मला. घाईत चुकलं.

अक्षता माझ्यावर चिडली नाही, मुलांना दटावलं नाही. शांतपणे म्हणाली, "श्रुतिका, मग समजाव ना त्यांना."

ती पोरगी कणकेचे काप परत एकावर एक रचून डोंगर घेऊन खिडकीशी आली. "मावशी, बुटका डोंगर पण सरळ उभा असू शकतो ना? उंची रेषेवरच्या आकड्यावरून कळते. रेषा जवळ म्हणजे चढ खडा. इथून चढलात तर दम लागेल."

"आणि त्या बाजूने?" मी विचारलं.

मधूनच एक मुलगा ओरडला, "तिकडून गप्पा मारत जा!"

मग काय! पाणी कुठून जोरात उतरेल, रस्ता कुठून काढायचा — जो तो बोलतोय. अक्षता मध्ये उभी. "तू बोल. थांब रे, आधी तिला संपवू दे." आवाज पार मागच्या भिंतीपर्यंत!

माझ्या पोरीच्या विद्यार्थिनीने मला खोटं पाडलं. भर वर्गात! येताना रिक्षावाल्याला पण सांगितलं. त्याला काही कळलं नाही. मरू दे.

अक्षता घरी आली. "तुला जा म्हटलं होतं ना." एवढंच. जेवलीसुद्धा नाही. ती माणसं काही न सांगताच गेली म्हणे.

१२ फेब्रुवारी

अबोला. ह्यांनी पण मला ऐकवलं, "तोंडाक जरा खीळ घाल." आज उलटून बोलले नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कायम! कायम! कायम!

मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं. म्हाताऱ्यांनी तेव्हाच विचारलं होतं म्हणे, खिडकीतल्या बाई कोण? अक्षता म्हणाली, "आई आहे माझी. सांगितलेलं ऐकत नाही." ते हसले. नंतर मोठ्या बाईंना म्हणाले, चुकीच्या उत्तरावरून वर्ग बोलता करणं सगळ्यांना जमत नाही.

माझ्या पोरीला जमतं!

पेढे पहिले क्षमाताईंकडे. एक दिला, वर दुसरा दिला. "भूगोलाचे आहेत," म्हटलं.

अक्षताने गळ्यात हात टाकला. "सुटलीस बाई. आता रोज माझ्यापुढे बसायला नको."

२३ फेब्रुवारी, सोमवार

संध्याकाळी पोळ्या आटपल्या, हात धुतले आणि अक्षतापुढे जाऊन बसले.

"काय गं?"

"पुढचा धडा घे."

"अगं, झाले ना मी कायम. आता कशाला सराव?"

"तुझ्यासाठी कोण बसलंय? मला शिकायचंय."